जुनी स्पोर्टी कार भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांवर इतकी आदळते का? टायर आणि व्हील निवडताना हे तपासा

रविवारची सकाळ. कात्रजचा बोगदा ओलांडला, खेड शिवापूरचा टोल मागे पडला. हायवेवर गाडी मस्त पळतेय. मग चेलाडीला उजवीकडे वळून नसरापूरमार्गे वेल्ह्याचा रस्ता धरला किंवा थोडं पुढे जाऊन कापूरहोळहून भोरकडे वळलं, की चित्र बदलतं. प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या मणक्यात जाणवतो. डॅशबोर्ड खडखडतो. समोरून एसटी आली म्हणून चाक साइडपट्टीवर उतरवलं, की डांबराच्या कडेवर 'ठक्' असा आवाज येतो.

बरेच जण याचा दोष शॉकअप्सना देतात. शॉकअप्स जुने झाले असतील, तर तो दोष खराही असतो. पण अनेकदा खरं कारण टायर आणि व्हीलमध्ये असतं, आणि तेही मालकाने हौसेने पैसे खर्चून ओढवून घेतलेलं असतं.

कोणत्या गाड्यांचा हा प्रश्न आहे?

सेकंडहँड बाजारात मिळणाऱ्या दोन लोकप्रिय 'हॉट हॅचबॅक' पुणे जिल्ह्यातच तयार झाल्या. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय चाकणच्या कारखान्यातून २०१३ मध्ये बाजारात आली. फियाटची १४५ हॉर्सपॉवरची अबार्थ पुंटो रांजणगावला तयार झाली आणि २०१५ मध्ये आली. दोन्हींचं उत्पादन आता बंद आहे. त्यामुळे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक गाडी जुनी आहे आणि बहुतेकींचे मूळ टायर कधीच बदलले गेले आहेत.

दणका नेमकं कोण शोषतं?

टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा पाहा. समजा, तो १८५/६० आर १५ आहे. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत.

म्हणजे साइडवॉलची उंची झाली १८५ चे ६० टक्के, १११ मिमी. रस्ता आणि रिम यांच्यामध्ये हवेची एवढीच गादी असते. खड्ड्यात चाक पडलं, की सगळ्यात आधी हीच गादी दबते. उरलेला धक्का स्प्रिंग आणि शॉकअप्सकडे जातो.

आता पोलोचं उदाहरण घेऊ:

- १८५/६० आर १५ (जीटी टीएसआयचा सुरुवातीचा साईझ): गादी १११ मिमी, चाकाचा पूर्ण व्यास ६०३ मिमी
- १९५/५५ आर १६ (कंपनीने नंतर दिलेला साईझ): गादी १०७ मिमी, व्यास ६२१ मिमी
- २१५/४० आर १७ (बाहेरून १७ इंची अलॉय लावल्यास): गादी ८६ मिमी, व्यास ६०४ मिमी

पहिल्या आणि तिसऱ्या चाकाची उंची जवळपास सारखीच आहे. पण गादी २५ मिमीने, म्हणजे सुमारे एक इंचाने कमी झाली. गाडी फोटोत रुबाबदार दिसते, पण खड्डा थेट रिमला लागतो.

मोठं अलॉय बहुधा जडही असतं. स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं, की चाक खड्ड्यातून लवकर सावरत नाही आणि गाडी उड्या मारते.

मग कोणता साईझ घ्यावा?

आरामात चालवायची असेल, तर पहिलं उत्तर सोपं आहे: कंपनीने त्या मॉडेलला दिलेला मूळ साईझ. आधीच्या मालकाने १७ इंची व्हील लावली असतील, तर परत १५ किंवा १६ वर या. रिम लहान करताना ते ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे बसवून पाहा.

काही जण किंचित जाड टायर घेतात. १८५/६० आर १५ ऐवजी १९५/६० आर १५ घेतला, तर गादी ११७ मिमी होते आणि व्यास दोन टक्के वाढतो. अबार्थच्या १९५/५५ आर १६ ऐवजी २०५/५५ आर १६ घेतला, तर गादी सुमारे ११३ मिमी होते. व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. व्यास वाढला, की स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो.

मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करू देत नाही. म्हणून कंपनीच्या यादीतला साईझ सगळ्यात निर्धोक. वेगळा घ्यायचाच असेल, तर इन्शुरन्स कंपनीला आधी विचारा.

दोन आकडे कधीही खाली आणू नका. एक, लोड इंडेक्स: ८४ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५०० किलो. दुसरं, त्यापुढचं वेगाचं अक्षर: 'एच' म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत. 'एक्सएल' लिहिलेला टायर जास्त वजन पेलतो, पण त्याची बाजू कडक असल्याने दणके थोडे जास्त जाणवतात.

'टायरची नक्षी तर शाबूत आहे,' हे पुरेसं आहे का?

नाही. हौसेच्या गाड्या कमी पळतात. त्यामुळे नक्षी झिजत नाही, पण रबर कडक होतं. कडक रबर दणकाही देतं आणि ओल्या रस्त्यावर पकडही सोडतं. पावसाळ्यात पाबे घाटाच्या वळणावर हे कळून उपयोग नाही.

टायरच्या बाजूला 'डीओटी'नंतर येणाऱ्या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी टायर बाद, असा सल्ला मोठ्या टायर कंपन्या देतात. स्टेपनीचं वयही पाहा. डिकीतला टायर बहुधा गाडीइतकाच जुना निघतो.

नक्षीची खोली १.६ मिमीपेक्षा कमी झाली, तर तो टायर कायद्यानेही चालत नाही.

जुनी अलॉय व्हील घेताना काय पाहावं?

बोल्टची जागा जुळली म्हणजे व्हील बसलं, असं नाही. पोलोचे पाच बोल्ट १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर असतात आणि मधलं भोक ५७.१ मिमीचं असतं. भोक मोठं असेल, तर मध्ये हब रिंग लागते. ती नसेल, तर व्हील नेमकं मध्यावर बसत नाही आणि हायवेवर स्टिअरिंग थरथरतं. ऑफसेट चुकला, तर चाक बाहेर येतं, फेंडरला घासतं आणि बेअरिंगवर ताण येतो.

व्हील बॅलन्सिंग मशिनवर फिरवून वाकडेपणा पाहा. स्टीलचं रिम वाकलं, तर सरळ करता येतं. अलॉयला तडा जाऊ शकतो. वेल्डिंग केलेलं अलॉय घाटात नेऊ नका.

हवा किती भरायची?

दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो. त्यावरचा आकडा थंड टायरसाठी असतो. गाडी पळून टायर तापले, की दाब वाढतो. त्यामुळे सकाळी निघतानाच तपासा. सगळ्या गाड्यांना सवयीने एकच आकडा भरणाऱ्यांना थांबवा. हवा जास्त झाली, तर गाडी दगडासारखी चालते. कमी झाली, तर खड्ड्यात रिम आणि टायर दोन्ही जातात.

बाजूला फुगा आला तर?

खड्ड्याच्या माराने साइडवॉलच्या आतले धागे तुटले, की तिथे फुगा येतो. त्याला पंक्चरसारखा इलाज नाही. टायर कधीही फुटू शकतो, म्हणून लगेच स्टेपनी लावा. मढे घाटाकडे किंवा वरंध घाटात मदत मिळायला वेळ लागतो.

नेहमीच्या इन्शुरन्समध्ये फक्त टायरचं नुकसान भरून मिळत नाही. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल, तरच टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. वेगळं टायर कव्हर घेतलं असेल, तर त्याच्या अटी वाचा.

पैसे आधी कशावर खर्च करावेत?

आधी फुकटचं काम: हवेचा दाब आणि टायरची तारीख तपासणं. मग शॉकअप्स आणि बुश तपासून घेणं. त्यानंतर मूळ साईझचे चार चांगले, ताज्या तारखेचे टायर. ते बसवल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्या. नवीन अलॉय व्हीलचा विचार एवढं सगळं झाल्यावर, आणि तेव्हाही मूळ इंचातच.