तळटीप : आटगावची वाट आणि सातवाहनांची लेणी

१४. ‘बौद्ध सातवाहन राजे’ : लेखकाचे शब्द तसेच ठेवले आहेत, पण राजांना हे विशेषण लागू पडत नाही. मुरबाडहून वैशाखऱ्यावरून चढणाऱ्या नाणेघाटातल्या राणी नागनिकेच्या ब्राह्मी लेखात अश्वमेध, राजसूय आणि दक्षिणेतल्या हजारो गाई आहेत, बुद्ध नाही. नाशिकचे तिसरे लेणे गौतमी बलश्रीने, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी भिक्षुसंघाला दिले, आणि त्याच लेखात मुलाला ‘एकब्राह्मण’ म्हणून गौरवले! लेण्यांचा खर्च उचलण्यात व्यापारी-कारागिरांचा वाटा मोठा होता. कान्हेरीच्या दानलेखांत कल्याणची माणसे वारंवार भेटतात, त्यांत सोनारही आहे.

सोपारा-कल्याणहून नाशिकला जाणारी जुनी वाट थळघाट चढे. आटगाव याच पट्ट्यातले. आजची कसारा लोकलही इथूनच जाते. वाटेच्या समुद्राकडच्या टोकाला, सोपाऱ्याला, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली स्तूप खणला. आतल्या दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सात बुद्ध व मैत्रेय यांच्या ब्राँझच्या आठ छोट्या मूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. मूर्तींची घडण नाण्याहून कित्येक शतकांनी अलीकडची आहे. म्हणून सगळा ऐवज सातवाहनकालीन मानणारे पुढील पानावरचे विधान वाचकांनी स्वीकारू नये.