बँकेच्या चुकीमुळे पैसे भलत्याच खात्यात गेले, तर जबाबदार कोण?

२०२३ ची दिवाळी. १० नोव्हेंबरला धनत्रयोदशी होती आणि त्याच दिवसापासून युको बँकेच्या हजारो खात्यांमध्ये पैसे जमा होऊ लागले. १३ नोव्हेंबरपर्यंत हा आकडा ८२० कोटी रुपयांवर गेला.

झालं असं होतं की, सात खासगी बँकांच्या सुमारे १४,६०० खातेदारांनी केलेले आयएमपीएस व्यवहार त्यांच्या बँकेकडे फेल झाले. त्यांच्या खात्यातून एक रुपयाही कमी झाला नाही. पण तांत्रिक बिघाडामुळे युको बँकेच्या ४१ हजारांहून जास्त खात्यांमध्ये मात्र ते पैसे जमा झाले. अनेकांनी ते काढूनही घेतले.

बँकेने खाती गोठवून सुरुवातीच्या काही दिवसांत ६४९ कोटी परत मिळवले. बाकीच्या पैशांचा माग काढायला सीबीआय आली. मार्च २०२४ मध्ये राजस्थान आणि महाराष्ट्रात मिळून ६७ ठिकाणी छापे पडले, त्यात पुण्याचाही समावेश होता.

चूक बँकेच्या यंत्रणेची होती, मग छापे इतरांवर का? कारण अशा प्रकरणांत एक नाही, दोन प्रश्न असतात. चूक कुणाची आणि पैसे कुणाचे?

चुकून आलेले पैसे आपले होतात का?

नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ नुसार, चुकून मिळालेले पैसे परत करणं बंधनकारक आहे. 'चूक बँकेची, मी कुठे मागितले होते?' हा युक्तिवाद इथे चालत नाही.

पैसे आपले नाहीत हे कळूनही ते अप्रामाणिकपणे वापरले, तर प्रकरण फौजदारी होऊ शकतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये अशा अपहारासाठी किमान सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे.

अनोळखी रक्कम जमा झाली तर हात लावू नका, आपल्या बँकेला लेखी कळवा. 'चुकून तुम्हाला पैसे गेले, या नंबरवर परत पाठवा' असा फोन आला तरी स्वतःहून पाठवू नका, कारण हा फसवणुकीचाही प्रकार असतो. परतीचा व्यवहार बँकेमार्फतच होऊ द्या.

पैसे कापले गेले, पण पोहोचलेच नाहीत, तर?

इथे नियम तुमच्या बाजूने आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये याच्या मुदती ठरवून दिल्या. यूपीआय किंवा आयएमपीएसने दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेले पैसे पोहोचले नाहीत, तर जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. दुकानदाराला केलेलं यूपीआय पेमेंट अडकलं किंवा एटीएममधून नोटा न येताच पैसे कापले गेले, तर मुदत पाच दिवसांची. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. महत्त्वाचं म्हणजे, ही भरपाई ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न बघता बँकेने स्वतःहून द्यायची असते.

एनईएफटीला उशीर झाला, तर रेपो दर अधिक दोन टक्के या दराने व्याज मिळतं.

खाते क्रमांक तुम्हीच चुकवला, तर?

इथे मात्र बाजू उलटते. अनेकांना वाटतं, नाव आणि खाते क्रमांक जुळला नाही तर बँक पैसे अडवेल. पण रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकाने फक्त खाते क्रमांकावरून पैसे जमा करायला बँकांना मुभा दिली. क्रमांक बरोबर टाकण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची.

तो क्रमांक अस्तित्वातच नसेल, तर पैसे परत येतात. दुसऱ्या कुणाचा निघाला, तर ताबडतोब आपल्या बँकेला कळवा. ती समोरच्या बँकेशी संपर्क साधते, पण खातेदाराच्या संमतीशिवाय पैसे परस्पर काढून देत नाही. त्याने नकार दिला, तर वर सांगितलेल्या कलम ७२ च्या आधारे कोर्टात जावं लागतं.

ही चूक आधीच टाळता यावी, म्हणून १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीलाही पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय द्या, असं बँकांना सांगण्यात आलं. ही सोय मोफत आहे. त्यामुळे स्क्रीनवर दिसणारं नाव न वाचताच 'कन्फर्म' दाबू नका.

चूक बँक कर्मचाऱ्याची असेल, तर?

तुम्ही स्लिपवर बरोबर क्रमांक लिहिला आणि कर्मचाऱ्याने चुकीचा टाकला, तर जबाबदारी बँकेची. 'समोरचा माणूस पैसे परत देत नाही' हे कारण बँक तुम्हाला सांगू शकत नाही. समोरच्याकडून वसुली करणं हे बँकेचं काम. पण हे सिद्ध करायला शिक्का मारलेली पावती लागते. बरेच जण ती बँकेतून बाहेर पडतानाच फेकून देतात. पैसे पोहोचल्याची खात्री होईपर्यंत निदान तिचा फोटो तरी ठेवा.

तक्रार कुठे करायची?

• आधी आपल्या बँकेत, लेखी. तारीख, रक्कम आणि व्यवहार क्रमांक लिहा. तक्रारीची पोच किंवा तक्रार क्रमांक घ्या.

• ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. सीएमएस पोर्टलवर ही तक्रार मोफत करता येते. माहितीसाठी हेल्पलाइन १४४४८.

• सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचाही पर्याय आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाद मागावी लागते.

• चूक नसून फसवणूक असेल, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

शाखेत गेल्यावर 'होईल दोन-चार दिवसांत' असं तोंडी उत्तर हमखास मिळतं. ते ऐकून परत येऊ नका. लोकपालाकडे जाण्याआधीचे ३० दिवस मोजले जातात ते तुम्ही बँकेत लेखी तक्रार दिल्यापासून.