कोड, बावची आणि ऊन

मराठवाड्यातल्या पालमपासून परभणीपर्यंतच्या काळ्या रानात बावची कुणी पेरत नाही, तरी ती बांधाच्या कडेला उगवतेच. पानांवर बारीक ठिपके, निळसर-जांभळ्या फुलांचे झुबके आणि एकेकच बी असलेल्या काळ्या शेंगा. शेतकऱ्याच्या लेखी हे तण. वैद्य, हकीम आणि पुढे रसायनशास्त्रज्ञ मात्र याच बियांसाठी तिच्यामागे लागले, कारण अंगावरच्या कोडाचा रंग परत आणण्याची ताकद तिच्यात होती.

कोडावरची खटपट फार जुनी. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातली २३ आणि २४ ही सूक्तं याच पांढऱ्या डागांसाठी आहेत. रात्री जन्मलेल्या काळ्या वनस्पतीने हे डाग रंगवावेत, अशी त्यांत विनवणी आहे. चरकसंहितेत विनवणीच्या जागी पद्धत येते. मलपू म्हणजे रानउंबराच्या जातीचं झाड. त्याचा रस गुळासोबत द्यावा आणि रोग्याला सोसेल तेवढं ऊन घ्यायला लावावं. डागावर फोड आले की ते फोडावेत. आधी वनस्पती, मग ऊन, हा क्रम कुणीतरी नीट पाहून ठरवला असणार. दोन हजार वर्षांनी विज्ञानाने त्यालाच दुजोरा दिला.

औषध हाताशी असूनही माणसं दूर लोटली गेली, हा याच इतिहासाचा दुसरा भाग. मनुस्मृतीने श्वित्र म्हणजे कोड असलेल्या कुळाशी सोयरीक नको म्हटलं. बौद्ध विनयात संघप्रवेशाला आड येणाऱ्या पाच रोगांत ‘किलास’, म्हणजे कोडच, आहे. इराणी लोक अशा परक्या माणसाला देशाबाहेर काढतात आणि पांढरी कबुतरंही हाकलतात, असं हिरोडोटसने लिहून ठेवलं आहे. कबुतरांनी काय घोडं मारलं होतं, ते त्यालाच ठाऊक!

या सगळ्याच्या मुळाशी एक गफलत आहे. कोड आणि महारोग एकाच ‘कुष्ठ’ शब्दाखाली कोंबले गेले. वास्तविक महारोग जंतूमुळे होतो आणि त्याच्या चट्ट्याला बधिरपणा येतो. कोडाच्या डागाला टोचलं तर लागतं, खाज येते, घाम येतो; तिथे फक्त रंग नसतो. कोड स्पर्शाने पसरत नाही. तरीही मासे खाऊन दूध पिऊ नये, कोड येतं, हे बहुतेक मराठी घरांत आजही ऐकू येतं. हा धाक विरुद्ध आहाराच्या जुन्या कल्पनेतून आला. कोडाच्या बाबतीत त्याला पुरावा नाही, पण त्यापायी कित्येकांच्या ताटातून आंबट, दूध, मासे सगळं गेलं आणि डाग होते तिथेच राहिले.

परभणी १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होती, त्यामुळे या भागाला वैद्याइतकाच हकीमही जवळचा. युनानीत कोडाला ‘बरस’ म्हणतात आणि तिथेही मुख्य औषध बावचीच. हैदराबादच्या एर्रागड्डा भागातली युनानी संशोधन संस्था या आजारासाठी नावाजलेली आहे.

इंग्रजी अमदानीत बावची बाटलीत गेली. मुंबईचे सरकारी औषधभांडार सांभाळणारे विल्यम डिमॉक यांनी सहकाऱ्यांसह १८९०च्या दशकात ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ काढला. कलकत्त्याचे कन्हैयालाल डे बावचीचा अर्क मलमात मिसळून कोडावर लावायला सांगत, आणि काही दिवसांत डाग लालसर होतात, अशी नोंद त्यात आहे. १९३३मध्ये जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय शास्त्रज्ञांनी बियांतलं द्रव्य वेगळं केलं. त्याला सोरालेन म्हणतात. १९४०च्या दशकात कैरोच्या एल मोफ्ती यांनी नाईलकाठच्या एका तणातलं त्याच कुळातलं द्रव्य रोग्यांवर वापरून पाहिलं. सोरालेनमुळे त्वचा अतिनील किरणांना हळवी होते. मात्रा बेताची असेल तर रंग परततो, जास्त झाली तर कातडी भाजते. बावचीचं तेल चोळून भर दुपारी उन्हात बसलेल्यांना फोड येतात ते यामुळेच, तेव्हा हा प्रयोग घरच्या घरी करू नये. १९९७मध्ये हॉलंडच्या संशोधकांनी सोरालेनशिवाय, ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यातल्या किरणांनीच रंग परततो हे दाखवलं. आज त्वचारोगतज्ज्ञांचा भर याच उपचारावर आहे.

रंग परततो तो केसांच्या मुळांतून, ठिपक्याठिपक्याने. तिथे रंगपेशींचा साठा असतो. म्हणून चेहरा लवकर भरतो. ओठ आणि बोटांची टोकं, जिथे केस नाहीत, तिथे फार वेळ लागतो. डागातले केसच पांढरे झाले असतील तर औषधाची आशा कमी आणि त्वचारोपणाचा विचार करावा लागतो.

सगळ्यात जिव्हारी लागतं ते भरलेला डाग पुन्हा पांढरा होणं. इथे रोग्याचं पथ्य चुकलेलं नसतं. शरीराच्याच पांढऱ्या पेशी रंगपेशींवर हल्ला करतात आणि त्यातल्या काही जुन्या जागी ठाण मांडून राहतात. उपचार थांबवल्यावर वर्षभरात साधारण ४० टक्के रुग्णांत डाग परततात. आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस मलम चालू ठेवल्यास हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास उतरतं, असं २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत दिसलं. म्हणजे रंग आला की औषध बंद, हा हिशेब चुकीचा.

घट्ट नाडा, चपलेचा पट्टा, सतत घासणारी जागा इथे नवे डाग उठतात. टिकलीच्या गोंदातल्या किंवा रबरी चपलेतल्या काही रसायनांनीही रंग जातो. कपाळावर टिकलीएवढाच पांढरा गोल दिसला तर आधी टिकली बदलावी.

डागांच्या या परतण्यावरच ‘सफेद दाग जड से खत्म’वाल्यांचा धंदा चालला. बिहारच्या कतरीसरायचा पत्ता असलेल्या जाहिराती वर्षानुवर्षं छापून येत आणि औषध व्हीपीने घरपोच होई. १९५४च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत कोड आहे. ते बरं करण्याची जाहिरात करणं गुन्हा ठरतो. भिंती मात्र अजून रंगतातच.

लग्नाच्या बाजारात कायद्यापेक्षा कुजबुज बलवत्तर. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण म्हणून महारोग होता, तोही २०१९मध्ये वगळला गेला; कोड कधीच नव्हतं. जवळच्या रक्ताच्या नात्यात कोड येण्याची शक्यता सुमारे ६ ते ७ टक्के, म्हणजे शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांना ते येत नाही. स्वतः कोडाचा अनुभव असलेल्या पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनी ‘श्वेता’ असोसिएशन उभी केली, वधू-वर मेळावे भरवले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा २००६चा चित्रपट याच विषयावर आहे. औषधाने जे साधलं नाही, त्यातलं बरंच अशा उघड बोलण्याने साधलं.

पालमच्या माणसाला त्वचारोग विभागासाठी नांदेडचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय फार दूर नाही. डाग नवा असेल किंवा पसरत असेल तर पहिल्या काही महिन्यांतच तिथे दाखवावं, कारण ताज्या डागाला औषध लवकर लागू पडतं.