गिलाव्याआधीची पेटी : उपनगरांतील भिंतींचा एक पुरावा

मुंबईच्या उपनगरांच्या वाढीचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष सहसा आगगाडी, वसाहती व नगरपालिकेच्या हद्दी यांकडे जाते; भिंतीच्या पोटात काय आहे इकडे ते क्वचितच वळते. खटक्यामागील लोखंडी पेटी गिलाव्यापूर्वी भिंतीत बसविण्याची रीत वरवर पाहता क्षुल्लक वाटते. तथापि दोन कारागिरांच्या कामाचा क्रम आणि अनेक भाषांचे थर तिच्यात एकत्र आलेले आहेत.

कालक्रम थोडक्यात असा : कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या जानेवारी १९२८ मध्ये सुरू झाल्या, आणि ऑक्टोबर १९२९ मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली. १९५० व १९५७ असे दोनदा हद्दी वाढून बृहन्मुंबई दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली. भांडुप-मुलुंडचा वीजपुरवठा मात्र निराळाच राहिला व आज तो महावितरणकडे आहे.

या काळातील घरांत तारा भिंतीवरून जात. सागवानी पट्टीवर क्लिपांनी दाबलेल्या, किंवा लाकडी केसिंगमध्ये घालून वरून कॅपिंगने झाकलेल्या तारा आणि लाकडी बोर्डावरील गोल काळे खटके १९४८ च्या कायद्याने निर्माण झालेल्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींतील जुन्या खोल्यांत कालपरवापर्यंत दिसत. येथे वायरमनचे काम गिलाव्यानंतर सुरू होई. भिंत पुरी झाली की भोक पाडून लाकडी खुंटी ठोकायची व तिच्यावर स्क्रू आवळायचा. गवंड्याशी त्याचा संबंध जवळजवळ नसे.

भिंतीत पाइप पुरण्याची पद्धत रूढ झाली तेव्हा हा क्रम उलटला. आता वायरमन आधी येतो. जमीन अद्याप व्हावयाची असते, म्हणून तो पाण्याच्या नळीने समपातळी काढून भिंतीवर रेघ मारतो आणि तिच्यावरून पेटीची उंची धरतो. छिन्नीने झिरी पाडून पाइप व पेटी सिमेंटात बसवितो. गिलावा साधारण १२ ते १५ मिलिमीटर जाडीचा धरलेला असतो. पेटीची कड नेमकी तेवढीच विटेबाहेर राहिली पाहिजे. गवंड्याने आधी ठिय्ये मारून दोरी ताणली असेल तर काम सोपे. नसेल तर वायरमन अंदाजाने चालतो. पेटी खोल गेली तर स्क्रू पोहोचत नाही, बाहेर राहिली तर वरची पट्टी भिंतीला टेकत नाही. साडेचार इंची भिंतीत दोन्ही बाजूंनी एकाच जागी पेट्या आल्या तर मध्ये वीट उरतच नाही. आडवी लांब झिरीही अशा भिंतीला अशक्त करते. पेटीत कागद किंवा थर्मोकोल कोंबण्याचे कारण गिलाव्याचा माल आत शिरू नये एवढेच. पेटी धातूची असल्याने तिला अर्थिंगची तार जोडणे अवश्य असते. ही तार राहून गेली तरी गिलावा तिची उणीव बेमालूम झाकतो, आणि ती पुढे कुणाच्या तरी हाताला कळते.

भाषिक पुरावा याहून बोलका आहे. ‘ओळंबा’ संस्कृत ‘अवलंब’शी नाते सांगतो, ‘गिलावा’ फारसीतील मातीवाचक ‘गिल’वरून आला, ‘मिस्त्री’ पोर्तुगीजांनी दिला. गवंड्याचा शब्दसंग्रह असा शतकांनी मुरलेला, तर वायरमनचा बहुतांशी इंग्रजी. दोघे ज्या ठिकाणी भेटतात तेथील शब्द ‘कन्सील’ हा होय. इंग्रजी धातुसाधित विशेषणाचा अंत्य प्रत्यय येथे गळाला आहे. परिणामी तेच रूप विशेषण म्हणूनही चालते (‘कन्सील वायरिंग’) व ‘करणे’ जोडून क्रियापद म्हणूनही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचा प्रतियोगी ‘ओपन’. तारा सर्वत्र भिंतीवरच होत्या तोवर त्यांना विशेषणाची गरज नव्हती. नुसते ‘वायरिंग’ म्हटले की पुरे. नवी रीत आली म्हणूनच जुनीला नाव मिळाले. म्हणून जुन्या कंत्राटांत व अंदाजपत्रकांत ‘ओपन’ हे विशेषण प्रथम केव्हा दिसते हे तपासल्यास त्या त्या वसाहतीतील बदलाचा काळ बऱ्याच अंशी ठरविता येईल.

शासकीय परिभाषेने औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसाठी ‘वीजतंत्री’ व ‘तारतंत्री’ अशी नावे घडविली. ती नियमशुद्ध आहेत. पण मुलुंडच्या संस्थेतून ‘तारतंत्री’ होऊन बाहेर पडलेला तरुण इमारतीवर पाऊल ठेवताच ‘वायरमन’ होतो. माझ्या मते दोष शब्दाच्या घडणीत नाही. तारतंत्र्याला ज्याच्याशी रोज बोलावे लागते तो गवंडी, बिगारी व कंत्राटदार परिभाषा करताना कोणी विचारात घेतला नाही, हे खरे कारण आहे.

घाटकोपरच्या पंतनगरासारख्या वसाहतींत जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याचे काम चालू आहे. सागवानी पट्ट्या भंगारात जातात. अशा पट्टीवरील व तिच्या शेजारच्या भिंतीवरील रंगाचे थर ताडून पाहिले तर पट्टी रंगाच्या कितव्या हातापूर्वी बसली हे सांगता येते, आणि मागाहून कोणी झिरी खोदून पेटी बसविली असेल तर ती कोणत्या थरानंतरची, तेही. त्यासाठी भिंत पडण्यापूर्वी वीतभर गिलावा खरवडण्याची परवानगी तेवढी मिळावयास हवी.