ओसरत्या नदीकाठचा वसंत

शाळेच्या पुस्तकातला वसंत थंड प्रदेशातून आल्यासारखा वाटतो: ऊब वाढते, पाणी खळाळतं, रान हिरवं होतं. तेलंगणातल्या बोथकडे हा क्रम उलटा आहे. माघ सरता सरता इथलं रान पानं टाकतं आणि कडेम नदी रोज थोडी मागे सरते. पावसाळ्यात धडाडणारा पोचेऱ्याचा धबधबा तेव्हा पार बारीक झालेला असतो. तरीही पाखरांची खरी लगबग याच दिवसांत असते. असं का, हा प्रश्न ज्याला पडला तो ऋतूंच्या खुणा टिपण्याच्या अभ्यासात आलाच.

पाणी उतरलं की दरडी उघड्या पडतात. वेडा राघू आणि खंड्या त्यांच्या उभ्या मातीत बिळं कोरून अंडी घालतात. पात्रातले गोटे कोरडे होतात, तिथल्या उथळ खळग्यात टिटवी बसते. मोठ्या नद्यांत वाळूची बेटं वर येतात, ती नदी सुरयाच्या विणीची जागा. पाऊस लागून पात्र भरायच्या आत पिल्लं उडती झाली पाहिजेत, म्हणून सगळी घाई. पळसाचा हिशेबही असाच. पानं गेल्यामुळे फुलं लांबून दिसतात. शिंजीर आणि पळसमैना मधासाठी येतात आणि परागकण घेऊन जातात. पळसमैना पुढे मध्य आशियाकडे निघते. तेव्हा फुलांइतकीच तिच्या शेवटच्या थव्याची तारीख मोलाची.

तारीख हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. ‘होळीला पळस फुलला’ ही नोंद ऐकायला गोड, पण अपुरी. २०२४ साली होळी २४ मार्चला पेटली, २०२५ साली १३ मार्चला. तिथी जरूर लिहा, शेजारी इंग्रजी तारीखही लिहा. इंग्लंडात नॉरफोकच्या रॉबर्ट मार्शमने १७३६ पासून वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली, आणि त्याच्या घराण्याने त्या १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. तो कोणी विद्यापीठातला पंडित नव्हता, गावचा जमीनदार होता. आपल्याकडे सलीम अलींनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा बोथ त्याच राज्यात होतं. १९५६ मध्ये बोथ तालुक्याचं इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात, गेलं. आज एकाच रानाच्या टापूवर दोन राज्यांची वनखाती आहेत, आणि मराठी, तेलुगू, गोंडी बोलणारे लोक. म्हणून इथे नोंद करणाऱ्याने पक्ष्याची तिन्ही भाषांतली नावं विचारून घ्यावीत. नाव सांगता सांगता माणूस सवयीही सांगून जातो.

आकाशाचं प्रकरण तर गोंडी माणसाजवळ बसूनच वाचावं. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी २०१३ साली गोंडांच्या खगोलज्ञानावर निबंध प्रसिद्ध केला. आपले सप्तर्षी म्हणजे त्यांच्यासाठी एक खाट आणि ती पळवणारे तीन चोर. मृगातले तीन तारे म्हणजे नांगर. फेब्रुवारीत अंधार पडताना हा नांगर डोक्यावर असतो, मार्च संपताना तो पश्चिमेकडे कललेला दिसतो आणि ईशान्येला खाट वर चढलेली असते. दक्षिणेला अगस्त्य क्षितिजाशी खालीच असतो. बोथच्या अक्षांशावर तो अठरा अंशांहून फारसा वर येत नाही. दिवसाचं आकाशही सोडू नका. याच काळात बंगालच्या उपसागरावरची दमट हवा उत्तरेकडच्या कोरड्या हवेला भिडते आणि गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा-विदर्भात कोणी विसरलेलं नाही. अशा वादळानंतर मोहर किती उरला, घरटी किती टिकली, हे लिहिणारा माणूस मात्र क्वचित सापडतो.

साहित्य फार लागत नाही: वही, पेन्सिल, जमल्यास दुर्बीण. नदीचा एकच टप्पा निवडा आणि तोच पुन्हा पुन्हा चाला. दर वेळी नवी जागा गाठणाऱ्याची यादी लांबते, समज वाढत नाही. चालताना टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली तर तिथेच थांबून पायाखाली पाहा. गोट्यांच्या रंगाची अंडी दिसली तरी फोटोसाठी रेंगाळू नका. भर दुपारी ती पाण्यात पोट भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. तुम्ही उभे असेपर्यंत ती बसणार नाही.