बदलापूरच्या रानात एकट्याने भटकंती: नवे बूट आणि कॅमेरा घेऊन जाताना काय लक्षात ठेवावे?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमधल्या भटक्यांना रान गाठण्यासाठी लांब जावे लागत नाही. कर्जत लोकलच्या खिडकीतून मलंगगड-चंदेरीची डोंगररांग दिसते आणि बदलापूरहून मुरबाडकडे जाणारा रस्ता बारवीच्या जंगलातूनच जातो. त्यामुळे नवे बूट घेतले, कॅमेरा उचलला आणि रविवारी एकटेच निघालो, असे सहज घडते. मात्र सोबत चार जण असताना किरकोळ वाटणारी अडचण एकट्या माणसाला महागात पडू शकते.

नवा बूट का चावतो?

बूट पायावर नीट बसलेला नसेल तर प्रत्येक पावलाला टाच आत सरकते. या ओढाताणीने त्वचेचे थर एकमेकांपासून सुटतात, मध्ये पाणी साठते आणि फोड येतो. घामाने किंवा पावसाने मोजा ओला असेल तर फोड लवकर येतो. खरा धोका त्यानंतरचा आहे. दुखरा पाय वाचवण्यासाठी माणूस पाऊल वाकडे टाकतो आणि उतरणीच्या घसाऱ्यावर घोटा मुरगळतो.

बूट घेताना आणि रुळवताना

- दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करा. डोंगरात वापरणार तेच मोजे घालून बूट पाहा.
- अंगठ्यापुढे साधारण बोटभर जागा हवी. ती नसेल तर उतरताना नखांवर दाब येतो.
- तळ मऊ रबराचा आणि खोल खाचांचा असावा. सह्याद्रीचा काळा कातळ ओला झाला की कडक प्लॅस्टिकचा तळ त्यावर टिकत नाही.
- आधी घरात, मग बाजारात, मग स्टेशनच्या पुलाचे जिने चढून-उतरून बूट रुळवा. दोन आठवडे रोज तासभर चालणे पुरेसे ठरते.
- वाटेत चुरचुरू लागले की लगेच थांबा, पाय कोरडा करा आणि त्या जागी चिकटपट्टी लावा. फोड आलाच तर तो फोडू नका.

वर्षानुवर्षे कपाटात पडून असलेले बूटही ‘नवे’ समजू नका. काही तळ दमट हवेत आतून कुजतात आणि वाटेतच सुटून येतात.

कॅमेऱ्यामुळे काय बदलते?

गळ्यात लोंबणारा कॅमेरा पायाखालची वाट झाकतो. फुलपाखराच्या किंवा पक्ष्याच्या मागे जाताना ढोरवाटा कधी लागल्या ते कळत नाही. म्हणून नियम एकच: चालताना कॅमेरा बंद, फोटो काढताना पाय स्थिर. पट्टा खांद्यावरून तिरका घ्या. वाट सोडण्यापूर्वी मागे वळून एक फोटो काढा. परतताना खूण म्हणून तो कामी येतो.

फोटोंसाठी वेगळा कॅमेरा असला की फोनची बॅटरी वाचते. 112 या आपत्कालीन क्रमांकासाठी ती लागू शकते. दऱ्याखोऱ्यांत नेटवर्क जाते हेही धरून चाला.

कोणती वाट निवडावी?

पहिल्या फेरीसाठी गाव किंवा रस्ता जवळ असलेली, कमी चढाची वाट घ्या. बारवीच्या बाजूला अशा वाटा आहेत, पण आत जाण्यापूर्वी वन विभागाच्या चौकीवर विचारा. चंदेरी एकट्याने, तेही नव्या बुटांत, करू नये. तिथे उभा चढ आणि घसारा आहे.

पावसाळ्यात कोंडेश्वरचा धबधबा अनेकांना खेचतो, पण तिथल्या डोहात बुडून मृत्यू झाले आहेत. पाण्याखालचा कातळ बुळबुळीत असतो आणि डोंगरावर पाऊस पडला की प्रवाह अचानक वाढतो. बारवी धरण भरल्यावर त्याचे दरवाजे आपोआप उघडतात, म्हणून धरणाखालच्या नदीपात्रात फोटोसाठी उतरू नका. पावसाळ्यात प्रशासन धबधबे आणि धरणांच्या परिसरात मनाई आदेश काढते. निघण्यापूर्वी त्याची चौकशी करा. एकट्याने जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे.

निघण्यापूर्वी

कुठे जाणार, कोणत्या गावातून चढणार आणि किती वाजता परतणार, हे घरी लिहून ठेवा. ‘जरा फिरून येतो’ एवढे सांगून भागत नाही, कारण शोध घेणाऱ्यांना सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारते. त्यामुळे दुपारी बाराला, जिथे असाल तिथून, मागे फिरा. पायथ्याच्या गावातही कुणाला तरी सांगून जा. ‘या वाटेने आज कोणी गेलंय का?’ एवढे विचारले तरी वाटेची बरीच माहिती मिळते आणि तुम्ही कुठल्या वाटेने गेलात हे गावात एकाला तरी ठाऊक राहते.