पाटीचे गाव

आमच्या लहानपणी दसऱ्याला दगडी पाटीवर सरस्वती काढून तिला झेंडूचे फूल वाहायचे, हा घरोघरचा रिवाज होता. पुढे मी शिक्षक झालो आणि मुलांच्या हातातली ती पाटी हळूहळू नाहीशी झाली. पण ती पाटी कोणत्या डोंगरातून निघते, कोणाच्या हातांनी निघते, हा विचार कधी मनात आला नव्हता. तो आला स्वित्झर्लंडमधील एल्म या खेड्याची हकीकत वाचल्यावर.

ग्लारुस प्रांतात, झेर्न्फ नदीच्या खोऱ्याच्या टोकाशी, सुमारे हजार मीटर उंचीवर हे गाव आहे. लाकडी घरे, एक चर्च आणि भोवती कुरणे. उन्हाळ्यात गुरे घेऊन वरच्या कुरणांवर जायचे, तिथेच दुधाचे चीज करायचे आणि थंडीपूर्वी खाली उतरायचे, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. समोरच्या कड्याला आरपार भोक आहे. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबरअखेरीस सकाळचे ऊन त्यातून थेट चर्चच्या मनोऱ्यावर पडते. १७९९ च्या ऑक्टोबरात रशियन सेनापती सुवोरोव याचे उपाशी, माघार घेणारे सैन्य इथे एक रात्र थांबले होते. एरवी इतिहास या वाटेने क्वचितच आला.

गावाजवळच्या डोंगरात पाटीचा काळा दगड होता. एकोणिसाव्या शतकात गावोगाव शाळा निघाल्या. स्वित्झर्लंडच्या १८७४ च्या राज्यघटनेने तर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पाट्यांना मागणी आली. १८६८ साली सुरू झालेली इथली खाण पुढे गावाने स्वतःच चालवायला घेतली. त्यात वाईट ते काय? पैसा गावात राहावा, चार हातांना काम मिळावे! परंतु खाणीचे शास्त्र जाणणारा त्यांच्यात कोणी नव्हता. डोंगराच्या पायथ्याशी सुमारे १८० मीटर लांबीची खाच पडली आणि वरचा सारा भार अधांतरी राहिला.

१८८१ च्या पावसात वर भेगा रुंदावल्या, दगड सुटू लागले. तेव्हा काम थांबवले. १० सप्टेंबरला पाहणी करणाऱ्यांनी लगेच धोका नसल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सायंकाळी साडेपाचच्या सुमारास पहिली दरड कोसळली. लोक मदतीला धावले, काही नुसते पाहत राहिले. सुमारे सतरा मिनिटांनी दुसरी आली आणि पाठोपाठ डोंगरच खाली आला. सुमारे एक कोटी घनमीटर दगड! जीव वाचवायला समोरच्या चढावर पळालेल्यांनाही त्याने तिथे गाठले. ११५ माणसे गेली. भूशास्त्रज्ञ आल्बेर्ट हाइम यांनी पुढे या घटनेचा अभ्यास केला. तो दगडांचा लोंढा पाण्यासारखा वाहिला होता, हे त्यांचे निरीक्षण अभ्यासक आजही विचारात घेतात.

चर्च वाचले. उरलेली माणसेही गाव सोडून गेली नाहीत. देशभरातून मदत आली आणि त्या दगडांवर माती पसरून पुन्हा कुरणे उभी राहिली. पाट्याही होत राहिल्या. दगडाचे पातळ पापुद्रे काढायचे, घासून गुळगुळीत करायचे, रेघा आखायच्या, लाकडी चौकट बसवायची. एल्मचा पाट्यांचा कारखाना १९८३ पर्यंत चालला. २०११ साली ग्लारुस स्यूड या मोठ्या नगरपालिकेत विलीन होऊन एल्मची स्वतंत्र ग्रामपंचायत संपली. हा निर्णयही ग्लारुसच्या लोकांनी २००६ साली उघड्या मैदानातल्या सभेत हात वर करूनच घेतला होता.

आमच्या पाट्या एल्मच्या होत्या, असे मी म्हणत नाही. पण यंदा दसऱ्याला माळ्यावरची जुनी पाटी उतरवून पुसली. सरस्वती काढण्यापूर्वी तिच्या काळ्या अंगावरून हात फिरवला, तेव्हा एल्मची ती माणसे आठवली. कुणाच्या तरी मुलांना अक्षर गिरवता यावे, म्हणून त्यांनी तो दगड काढला होता.